तेलही गेले, तूपही गेले

सूर्यास्ताला अजून अर्धा तास अवकाश असतो. ताटे मांडून झालेली असतात. घरातील गृहिणी वरणभातावर तुपाची धार सोडत एकेका पानावरून पुढे सरकते. सासरे, पती, मुलगा, नातू यांची पाने होतात आणि स्वतःच्या पानापाशी आली की ती तुपाचे भांडे खाली ठेवते. ‘मला नको, वजन वाढते,’ एवढेच तिचे उत्तर असते. पोळी कोरडी, भाजी वाफवलेली, कोशिंबीर फोडणीविना. पहिल्या महिन्यात वजनकाटा दोन किलोंनी खाली येतो आणि सर्वत्र कौतुक होते. दुसऱ्या महिन्यात काटा जागचा हलत नाही. दुपारी चार वाजता पोटात अशी खळगी पडते की चहाबरोबर टोस्ट, मग बिस्किटे, मग मूठभर मुरमुरे कधी संपले ते कळतही नाही. चौथ्या महिन्यात गेलेले दोन किलो एका किलोच्या व्याजासह परत येतात. केस गळू लागलेले असतात, त्वचा कोरडी पडलेली असते, आणि ‘माझ्या नशिबातच जाडी आहे’ असा निष्कर्ष काढून ती पुन्हा पूर्वीच्या आहाराकडे वळते.

हे चित्र कुणा एका घरातले नाही. पन्नाशी ओलांडलेल्या असंख्य गृहिणींनी, निवृत्तीनंतर पोट सुटलेल्या अनेक गृहस्थांनी आणि लग्न ठरलेल्या अनेक तरुणींनी हा प्रयोग केलेला आहे. ‘खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी’ ही म्हण हट्टी माणसासाठी प्रचारात आली असली, तरी वजन कमी करू पाहणाऱ्यांच्या मनोवृत्तीचेही ते नेमके वर्णन आहे. एक तर सणावारी तळणाची कढई उतरतच नाही, नाहीतर एके दिवशी संकल्प सोडला जातो आणि घरातील तेलातुपाचा थेंबही वर्ज्य ठरतो. या दोन टोकांच्या मधला मार्ग कोणता, हा खरा प्रश्न आहे.

स्निग्धांश कशासाठी?

तेलातुपावर संशय येण्याचे कारण साधे अंकगणित आहे. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा एक ग्रॅम प्रथिने शरीराला सुमारे ४ उष्मांक देतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ ९ उष्मांक देतो. ज्याची किंमत दुपटीहून अधिक, तो खर्च आधी बंद करावा, हा विचार वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु घरखर्चात सर्वांत महाग वस्तू औषध असली, म्हणून कोणी औषध बंद करत नाही. ती वस्तू कोणते काम करते, हेही पाहावे लागते.

स्निग्धांशाची कामे अनेक आहेत. शरीरातील प्रत्येक पेशीचे आवरण मेदाम्लांपासून बनते. त्यांपैकी दोन मेदाम्ले, लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक, शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. अमेरिकेतील जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या संशोधक दांपत्याने १९२९ मध्ये उंदरांवरील प्रयोगातून हे प्रथम दाखवले. स्निग्धांश पूर्णपणे काढून टाकलेल्या आहारावर उंदरांची वाढ खुंटली आणि कातडी खवलेदार झाली. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशात विरघळणारी आहेत. गाजर जेथे वर्ज्य आहे त्या घरात ‘अ’ जीवनसत्त्वासाठी पालक, मेथी, लाल भोपळा, पपई आणि आंबा यांचाच आधार असतो. परंतु पालेभाजीतील कॅरोटीन रक्तात उतरण्यासाठी तिच्याबरोबर थोडे तरी तेल किंवा तूप पोटात जावे लागते. तेल नसलेली कोशिंबीर ताटात हिरवीगार दिसते, पण तिच्यातील हे धन बरेचसे न वटलेल्या धनादेशासारखे परत जाते.

तिसरे काम भुकेशी संबंधित आहे. स्निग्धांश लहान आतड्यात पोहोचला की तेथून कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक स्रवते. ते जठर रिकामे होण्याचा वेग मंद करते आणि मेंदूला तृप्तीचा निरोप पाठवते. कोरडी पोळी आणि वाफवलेली भाजी खाऊन उठलेल्या व्यक्तीला दोन-तीन तासांत पुन्हा भूक लागते, त्यामागे मनोबलाचा अभाव नसून बहुतेक वेळा हीच उणीव असते. ताटातील प्रथिने आणि चोथा कमी असेल, तर ती आणखी जाणवते.

हेच संप्रेरक पित्ताशयालाही आकुंचनाची आज्ञा देते. आहारात स्निग्धांश जवळपास शून्य झाला की पित्ताशय पूर्ण रिकामे होत नाही आणि पित्त साचून राहते. त्यातच वजन वेगाने उतरत असेल, तर साठलेल्या मेदातून सुटलेले कोलेस्टेरॉल पित्तात अधिक प्रमाणात मिसळते. अशा वेळी पित्तखडे होण्याचा धोका वाढतो, आणि चाळिशीपुढील स्थूल स्त्रियांत तो मुळातच अधिक असतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वजन उतरण्याचा वेग सुरक्षित मानला जातो, त्याचे हे एक कारण आहे.

निर्दोषाला शिक्षा कशी झाली?

स्निग्धांशाविषयीची भीती आजची नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९५८ मध्ये सात देशांतील पुरुषांच्या आहाराचा आणि हृदयविकाराचा दीर्घ अभ्यास सुरू केला. फिनलंडमध्ये हृदयविकार पुष्कळ आढळला, ग्रीसमधील क्रीट बेटावर अत्यल्प. विशेष असे की, क्रीटमधील लोकांच्या उष्मांकांपैकी सुमारे ४० टक्के स्निग्धांशातूनच येत होते. परंतु तो मुख्यतः ऑलिव्हच्या तेलातून येत होता. म्हणजे अभ्यासाचा रोख प्रकाराकडे होता. पुढे १९७७ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीने आहारविषयक उद्दिष्टे जाहीर केली, आणि लोकांपर्यंत पोहोचेपर्यंत त्या संदेशाचे ‘स्निग्ध पदार्थ वाईट’ एवढेच शब्द उरले. बाजाराने ही संधी साधली. ‘लो फॅट’ असे छापलेली बिस्किटे, दही आणि न्याहारीची पाकिटे आली. काढलेल्या स्निग्धांशाची चव भरून काढण्यासाठी पुष्कळदा साखर आणि पिष्ट घालण्यात आले. खात्यातून एक रक्कम कमी झाली, पण दुसऱ्या नावाने तीच पुन्हा चढवली गेली.

या समजुतीची कसोटी पुढे मोठ्या प्रयोगांनी घेतली. अमेरिकेत ४८,८३५ प्रौढ स्त्रियांवरील अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटाला स्निग्धांश कमी करण्यास सांगितले होते, त्या गटात सुमारे आठ वर्षांनंतरही हृदयविकारात लक्षणीय घट दिसली नाही. वजनातील फरक पहिल्या वर्षी सुमारे दोन किलोंचा होता. साडेसात वर्षांनंतर तो अर्ध्या किलोहूनही कमी उरला. इस्रायलमधील डिमोना येथे ३२२ जणांवर दोन वर्षे चाललेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी स्निग्ध आहार घेणाऱ्यांचे वजन सरासरी २.९ किलोंनी, भूमध्यसागरी पद्धतीचा आहार घेणाऱ्यांचे ४.४ किलोंनी आणि पिष्ट कमी करणाऱ्यांचे ४.७ किलोंनी घटले. स्पेनमधील सुमारे साडेसात हजार लोकांच्या अभ्यासात ऑलिव्ह तेल किंवा रोज ३० ग्रॅम सुकामेवा घेणाऱ्यांना हृदयविकार आणि पक्षाघात यांपासून अधिक संरक्षण मिळाले. स्निग्धांश वाढूनही त्यांचे वजन वाढले नाही. यादृच्छिक निवडीतील काही त्रुटी आढळल्याने तो अहवाल मागे घेऊन २०१८ मध्ये फेरमांडणीसह पुन्हा प्रसिद्ध करावा लागला. मुख्य निष्कर्ष मात्र कायम राहिला.

तथापि दुसऱ्या टोकाला जाण्याचेही कारण नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ६०९ जणांच्या अभ्यासात एका गटाने स्निग्धांश कमी केला, दुसऱ्याने पिष्ट. वर्षाअखेरीस पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोंनी आणि दुसऱ्याचे ६ किलोंनी उतरले; हा फरक नगण्य होता. दोन्ही गटांना एक सूचना समान होती. भाज्या भरपूर खाव्यात, साखर आणि मैदा टाळावा, कारखान्यात तयार झालेले पदार्थ कमी करावेत आणि शक्य तितके घरचे अन्न खावे. लोणी-तूप हवे तितके खाऊन बारीक होता येते, असे सांगणारेही म्हणूनच अर्धसत्यच सांगतात. अंतिम हिशेब एकूण उष्मांकांचाच असतो. योग्य स्निग्धांशाचे काम हे की, तो हिशेब भूक न मारता पाळता येतो.

कोणते तेल, किती तूप?

स्निग्ध पदार्थांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिला असंपृक्त. शेंगदाणा, तीळ, करडई, मोहरी, सूर्यफूल आणि ऑलिव्ह यांच्या तेलांत तो प्रामुख्याने असतो. दुसरा संपृक्त. तुपातील निम्म्याहून अधिक आणि खोबरेल तेलातील सुमारे ९० टक्के मेदाम्ले या प्रकारची असतात. हा वर्ग विष नव्हे. परंतु त्याचे प्रमाण दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिसरा वर्ग ट्रान्स मेदांचा. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करताना हे मेद तयार होतात. एके काळी लग्नकार्यातून शुद्ध तुपाची जागा घेणाऱ्या वनस्पती तुपात त्यांचे प्रमाण मोठे असे. हृदयाला ते निश्चितपणे घातक असून, जानेवारी २०२२ पासून भारतात तेले व मेद यांतील त्यांची मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली आहे. या वर्गाला आहारात जागाच नाही.

प्रमाणाविषयी हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेले मार्गदर्शन उपयुक्त आहे. २००० उष्मांकांच्या आहारात तेल आणि तूप मिळून सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे चहाचे सहा सपाट चमचे, पुरेसे आहेत. वजन उतरवण्यासाठी १५०० उष्मांकांचा आहार घेणाऱ्या व्यक्तीला त्याच प्रमाणात सुमारे २० ग्रॅम, म्हणजे साडेचार चमचे, येतात. त्यांपैकी एक चमचा तूप असेल, तर त्यातून मिळतात अवघे ४० उष्मांक. वर वर्णिलेल्या गृहिणीने नाकारले ते एवढेच. दुपारच्या चहाबरोबर नकळत गेलेली चार गोड बिस्किटे त्याहून कितीतरी भारी पडली.

मग गळती कोठे असते? ती शोधण्यासाठी ताटाऐवजी किराण्याच्या यादीकडे पाहावे. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर एका लिटरचे सुमारे ९१० ग्रॅम धरून माणशी रोज ३० ग्रॅम तेल होते; तूप, लोणी आणि बाहेरचे खाणे वेगळेच. महिन्याचे दोन लिटर तेल कमी केले, तर माणशी रोज सुमारे १३५ उष्मांक वाचतात. तूप तोडणारे घर तळणीच्या कढईकडे मात्र क्वचित पाहते. तळलेल्या पदार्थात किती तेल मुरले हे डोळ्यांना दिसत नाही, आणि ‘डाएट’ असे नाव असलेला चिवडाही पुष्कळदा तळलेलाच असतो. पाकिटावरील ‘प्रति १०० ग्रॅम’ हा रकाना वाचण्याची सवय बँकेच्या पासबुकावरील नोंदी तपासण्याइतकीच उपकारक आहे. तळणीचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवणेही टाळावे. त्यात अपायकारक संयुगे साचत जातात.

मुठीतला खजिना

शाकाहारी आणि त्यातही कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरांना चांगल्या स्निग्धांशासाठी परदेशी वस्तूंकडे पाहण्याची गरज नाही. शेंगदाणा, तीळ, कारळे, जवस आणि ओले खोबरे या वस्तू महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जवसाचे स्थान यांत विशेष आहे. त्याच्या तेलातील निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक या ओमेगा-३ मेदाम्लाचा असतो. मासे न खाणाऱ्यांना हे मेदाम्ल देणारे पदार्थ मोजकेच आहेत. जवस आणि अक्रोड हे त्यांतील प्रमुख. जवस अख्खा खाल्ल्यास बराचसा तसाच बाहेर पडतो, म्हणून तो मंद भाजून कुटावा. जिरे, लाल मिरची, हिंग, आमसूल आणि मीठ घालून केलेली जवसाची कोरडी चटणी लसणाविना उत्तम लागते. कुटलेला जवस लवकर खवट होत असल्याने आठवड्यापुरतीच चटणी करावी.

सुकामेव्याविषयी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले की, अख्ख्या बदामांतून शरीराला मिळणारे उष्मांक नेहमीच्या गणितापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी असतात, कारण पेशींच्या भिंतीत अडकलेला काही मेद पचनाविनाच बाहेर टाकला जातो. तेवढ्याच वजनाचे तेल मात्र जवळजवळ संपूर्ण शोषले जाते. म्हणून दाणा तेलापेक्षा श्रेष्ठ. परंतु मूठ ती मूठच असावी. ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे १७० उष्मांक असतात. बरणी मांडीवर घेऊन बसल्यास त्याचे पाचशे होण्यास दूरदर्शनवरील एक मालिका पुरते.

तप आणि पथ्य

आपल्या घरांत या विषयाला आणखी एक बाजू आहे. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि तळण या विगयांचा त्याग करून केलेले आयंबिल चैत्र आणि आश्विन महिन्यांतील ओळीत नऊ दिवस चालते. रसत्यागाची ही साधना आहे, तिला मर्यादा आहे आणि पारणे आहे. अलीकडे मात्र वजन उतरले म्हणून हाच आहार मनाने महिनोन्‌महिने चालवण्याचा, किंवा पारण्याच्या दिवशी नऊ दिवसांची भरपाई एकाच पंगतीत करण्याचा प्रकार दिसू लागला आहे. तपाला पथ्य समजण्यात तपाचाही मान राहत नाही आणि देहाचेही हित होत नाही. रोजच्या जीवनासाठी परंपरेने दिलेले व्रत वेगळेच आहे. भुकेपेक्षा चार घास कमी खावेत, असे सांगणाऱ्या ऊनोदरीला कोणताही वजनकाटा लागत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची सवयही रात्रीच्या निरर्थक खाण्याला आपोआप आळा घालते. त्यासाठी संध्याकाळचे पान मात्र पोकळ नसावे.

एक दिवसाचा हिशेब

व्यवहारात हे कसे उतरवावे? सकाळी दूध आणि मुगाचे धिरडे अर्ध्या चमच्या तेलावर. त्याबरोबर दोन अक्रोड आणि चार बदाम. दुपारी दोन फुलके, वाटीभर घट्ट वरण, दोन वाट्या पालेभाजी किंवा दुधी, एक चमचा जवसाची चटणी आणि एक चमचा तूप. चार वाजता ताक आणि भाजलेले फुटाणे, किंवा तुपाने न माखलेला एक खाकरा. संध्याकाळी ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, आणि काकडीच्या कोशिंबिरीवर अर्धा चमचा तेलाची हिंग-मोहरीची फोडणी. दिवसभराच्या सर्व फोडण्या मिळून तीन चमच्यांच्या पुढे जाऊ नयेत. तेल कढईत बाटलीतून ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घालणे, ही एकच सवय अर्धे काम करते.

ज्यांना पित्तखडे, स्वादुपिंडाचा विकार किंवा रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढलेले आहे, तसेच जे रक्त पातळ करणारी औषधे घेतात, त्यांनी आहारात कोणताही बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा. इतरांनीही वर्षातून एकदा रक्ताची तपासणी करून घ्यावी, कारण काट्यावरील आकडा हा केवळ शिल्लक दाखवतो, व्यवहार कसे झाले ते सांगत नाही.

तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, अशी अवस्था आपल्या घरातील कोणत्याही बाईवर येऊ नये. सर्वांना वाढून झाल्यावर ती स्वतःच्या पानापाशी येईल, तेव्हा भांडे खाली ठेवण्याऐवजी मोजून एक चमचा तूप तिने आपल्याही भातावर घालावे. आणि बाकीच्यांच्या पानांवर वाहणारी धारही त्याच चमच्याने मोजली जावी. पथ्य एकटीने पाळायचे नसते; ते घराने पाळायचे असते.